चुकांच्या वहीतली कोरी पानं

माझी मोठी नणंद, आम्हा सगळ्यांची ताई, तेवीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात काम करते आहे. कुणी विचारलं की घरातले लोक "हॉस्पिटलमध्ये असते" एवढं सांगून मोकळे होतात आणि ऐकणारा तिला नर्स समजतो. ती नर्स नाही. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी असं सगळं वरच्या थिएटरमधून लिफ्टने खाली येतं. ते धुवायचं, वाळवायचं, यादीप्रमाणे ताटात लावायचं, कापडात बांधायचं, वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायचं आणि परत वर पाठवायचं, हे तिचं खातं. त्या खोल्यांना खिडक्या नाहीत. भिंती गळ्यापर्यंत टाइल्सच्या, आणि जमीन इतकी स्वच्छ की नवीन माणूस चपला हातात घेऊन उभा राहतो.

ताई आधी धुण्याच्या भागात लागली. सहा वर्षांनी बांधणीच्या टेबलावर आली, आणखी चार वर्षांनी सकाळच्या पाळीची प्रमुख झाली. खालच्या मुली तिला कात्रीमावशी म्हणतात. प्रत्येक कात्री बांधण्याआधी ती बँडेजच्या कापडाच्या तुकड्यावर चालवून बघते. मध्ये कापते तशी टोकालाही कापली पाहिजे, नाहीतर कात्री बाजूला. हे शिकवायला तिच्यापुढे कुणी पुस्तक उघडलं नव्हतं.

पण तिचा खरा मान होता सहीचा. यंत्रातून भरणा, म्हणजे एका वेळी आत घातलेली सगळी पुडकी, बाहेर आला की उष्णता आणि वेळ छापलेली पट्टी बघायची, पुडक्यांवरच्या पट्ट्यांचा रंग बदललाय का बघायचं, पुडकी कोरडी आहेत ना ते हाताने चाचपायचं, आणि मग चिठ्ठीवर सही करायची. ती सही झाल्याशिवाय भरणा वर जात नाही. वर्षातून एखाद्या वेळी, जेवण बरं झालं असलं आणि मनासारखी माणसं समोर असली, की ताई म्हणायची, "सर्जन असेल केवढाही मोठा. त्याची कात्री माझ्या सहीवाचून जागची हलत नाही."

एक दिवस खात्याच्या फळ्यावर नोटीस लागली. चार महिन्यांनी, एक तारखेपासून, भरणा सोडण्याची सही फक्त विद्यापीठाचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्यांनीच करायची. विद्यापीठाने त्याचे तीन छोटे अभ्यासक्रम वर्षभरापूर्वीच काढले होते. प्रत्येक तीस तासांचा, प्रत्येकाला दोन क्रेडिट. पहिला धुणं आणि बांधणी, दुसरा वाफ आणि यंत्र, तिसरा तपासणी, नोंद आणि भरणा सोडणं. एकेक पुरा केला की त्याचं एक छोटं प्रमाणपत्र फोनवर येणार, तिन्ही झाली की एक मोठं. पुढे कुणाला डिप्लोमा करायचा असला तर ही सहा क्रेडिट त्यात धरली जाणार. आणि खाली बारीक अक्षरात: अनुभवी कर्मचाऱ्यांना आपल्या आधीच्या शिक्षणाची मान्यता मागता येईल.

"सूक्ष्म प्रमाणपत्र म्हणे," माझे यजमान नोटिशीचा फोटो वाचत म्हणाले. "भिंगातून वाचायचं का, ताई?"

"तू भिंग घेऊन बस," ताई म्हणाली. "बारकीने तिन्ही केलीत. फोनवर, सहा महिन्यांत. मला कळूसुद्धा दिलं नाही."

बारकी म्हणजे तिच्या हाताखालची सव्वीस वर्षांची मुलगी. चण लहान म्हणून बारकी. चिमटा कसा धरायचा इथपासून ताईनेच तिला शिकवलेलं. आता ताईचं मान्यतेचं काम झालं नाही, तर एक तारखेपासून सही बारकीची आणि ताई तिच्या हाताखाली. पगारात फरक पडणार नव्हता. ताईच्या जेवणात पडला होता.

पुन्हा वर्गात बसण्यापेक्षा मान्यता मागावी असं ठरलं. ताईकडे एक प्लास्टिकची फाइल होती. तीत अकरा प्रमाणपत्रं, सोनेरी काठाची. यंत्रांच्या कंपन्यांनी, साबणवाल्या कंपन्यांनी दिवसभराची शिबिरं घेऊन दिलेली. ती घेऊन आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. खिडकीमागे तिशीतली एक क्लार्क होती, एक चष्मा डोक्यावर आणि दुसरा डोळ्यांवर. तिने अकराही कागद एकेक करून पाहिले, घाई केली नाही.

"मावशी, मी कागदावर चार गोष्टी शोधते," ती म्हणाली. "किती तासांचं शिक्षण, कुठल्या पातळीचं, शिकून काय करता यायला लागलं, आणि ते येतं की नाही हे कुणी तपासलं. यात तारीख आहे, कंपनीचं नाव आहे, आणि 'उपस्थित होत्या' असं आहे."

"उपस्थित होतेच मी. सकाळी नऊ ते पाच."

"असणारच. पण तिथे झोपलेलीही बाई उपस्थितच असते ना?"

ताईला हसू आलं. एका शिबिरात शेजारची खरंच झोपली होती आणि तिलाही असंच सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, हे तिने क्लार्कला सांगूनही टाकलं. मी तिचा पदर ओढेपर्यंत सांगून झालं होतं.

क्लार्कने अर्ज दिला. पहिल्या दोन अभ्यासक्रमांसाठी प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, परीक्षक इस्पितळात येऊन बघणार. तिसऱ्यासाठी लेखी पुरावा: उमेदवाराने कामात दोष ओळखला आणि त्यावर कारवाई केली अशी तीन उदाहरणं, इस्पितळाच्या दोष-नोंद वहीतल्या पानांच्या प्रतींसह.

"तीन?" बाहेर पायऱ्यांवर ताई म्हणाली. "तीनशे सांगते."

दोन दिवसांनी ती त्या वहीच्या गेल्या वर्षभराच्या प्रती घेऊन आमच्याकडे आली. खात्यात तिला चुकांची वही म्हणतात. जेवणाच्या टेबलावर मी त्या पसरल्या. दुपारच्या पाळीच्या पानांवर नोंदी होत्या: पुडकं फाटलं, यादीत एक पकड कमी, पट्टीचा रंग बदलला नाही. सकाळच्या पाळीचं प्रत्येक पान कोरं. तळाशी 'दोष नाही' आणि ताईची सही.

"बघ," ताई म्हणाली. "एक डाग नाही."

मी म्हटलं, "मग ताई, उदाहरणं कुठून घ्यायची?"

तिने पानं एकावर एक रचली आणि सांगायला लागली. चूक सापडली की ती काय करायची ते मला तेव्हा कळलं. टेबलाशी उभी राहून प्रत्येक ताट तपासायची, चुकलेलं दिसलं की गुपचूप सोडायची, नीट करून पुन्हा बांधायची आणि पुढचं घ्यायची. बांधलं कुणी ते पुडक्यावरच्या चिठ्ठीतल्या नंबरावरून दिसतं, पण नाव ती घ्यायची नाही. वहीत नोंद गेली की मेट्रनकडून त्या मुलीला मेमो, आणि नवीन मुलगी असेल तर तीन मेमोंत घरी. तेरा वर्षांत ताईच्या पाळीतल्या एकाही मुलीला मेमो मिळाला नव्हता. सगळ्या जणी सकाळची पाळी मागून घ्यायच्या त्या याचसाठी.

मी क्लार्कला फोन लावला. वहीत नोंदी नसतील तर? ती म्हणाली, "मग एक प्रसंग सविस्तर लिहा. खरा. त्यात जी दुसरी व्यक्ती असेल तिची सही हवी, वरिष्ठांची हवी, आणि परीक्षकांपुढे मुलाखत. कुठला प्रसंग ते तुम्हीच ठरवा."

त्यानंतर आठवडाभर ताई फिरकली नाही. माझे यजमान म्हणाले, "रुसली असेल." ती रुसली नव्हती. पुढच्या रविवारी आली, पाणीही न घेता बसली आणि म्हणाली, "लिही. मी सांगते."

तिने सांगितलं ते असं. अडीच वर्षांपूर्वी खात्यात एक उंच मुलगी लागली. सगळे तिला जिराफ म्हणत, तीही ओ द्यायची. हात चलाख, कामाला वाघ. फक्त एक खोड. रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे असतात, त्यांना बोटांच्या कड्यांपाशी खटका असतो. ते बांधताना उघडे ठेवावे लागतात, नाहीतर सांध्यात वाफ शिरत नाही आणि आतला भाग निर्जंतुक होत नाही. जिराफ ते बंद करून लावायची. ओळीत सुबक दिसत, कापडात अडकत नसत. ताई तपासताना खटके उघडायची. रोज. पाच महिने. बोलली एकदाही नाही.

"सहाव्या महिन्यात माझ्या सुटीच्या दिवशी ताट तसंच वर गेलं," ताई म्हणाली. "वरच्या नर्सने पुडकं उघडलं आणि पाहिलं, चिमटे बंद. पेशंट टेबलावर. दुसरं ताट येईपर्यंत चाळीस मिनिटं सगळे हात धुऊन उभे. पेशंटला काही झालं नाही. जिराफला त्याच दिवशी कपड्यांच्या खात्यात पाठवली. चादरी घड्या घालायला."

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"काय म्हणणार? माझी सुटी होती."

मी लिहून घेतलं. ताईने मध्ये दोनदा वाक्य बदलायला लावलं, दोन्ही वेळा ते तिच्यासाठी जास्त वाईट झालं.

सह्या घ्यायला ती एकटीच गेली. कपड्यांचं खातं इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. मोठाली वाळवणयंत्रं, आणि बोलायचं तर ओरडून. जिराफ हिरव्या चादरींच्या ढिगापुढे उभी होती.

"मावशी, तुम्ही? खाली कपडे संपले का?"

"संपले नाहीत. हे वाच. वाचून सही करायची असली तर कर."

जिराफने उभ्याउभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून मी चुकत होते?"

"हो."

"आणि तुम्ही रोज उघडत होतात."

"रोज."

"मला वाटायचं, मी भारी बांधते. मावशी काही बोलत नाहीत म्हणजे पसंत आहे." तिने एक चादर ओढली, घडी घालायला लागली. "एकदा तरी कानाखाली वाजवायचीत हो."

"नवीन होतीस. मेमो मिळाले असते तर कायम झाली नसतीस."

"आता झालेच की कायम. चादरींत."

जिराफने ती घडी पुरी केली, दुसरी घातली, मग पेन मागितलं. "सही करते. पण एक ओळ माझीही लिहिणार." आणि सहीच्या वर तिने लिहिलं: मला हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर एका दिवसात शिकले असते.

मेट्रनची सही त्याहून अवघड निघाली. मेट्रन वाईट बाई नाही, पण कागदाला भिते.

"मावशी, हे काय लिहून आणलंत? तुमची कोरी पानं बघून मी दरवर्षी वर कळवते, सकाळची पाळी आदर्श. आता यावर सही केली तर मी काय करत होते, असं विचारतील."

"खरं आहे ते लिहिलंय."

"खरं आहे हो. खोटं असतं तर फाडून टाकलं असतं. आता काय करू?" बराच वेळ पेन उघडझाप करून तिने कागदाच्या कोपऱ्यात फक्त 'वाचले' असं लिहिलं आणि सही केली.

परीक्षक आल्या त्या दिवशी ताईने धुतलेला गणवेश पुन्हा धुऊन घातला होता. परीक्षक बाई पूर्वी थिएटरमध्ये नर्स होत्या, पुढे विद्यापीठात शिकवायला गेल्या. त्यांनी दोन तास ताईचं काम पाहिलं. ताटात मुद्दाम घातलेली बोथट कात्री ताईने काढली. एका पकडीच्या खाचेत राहिलेला केसाएवढा डाग तिच्या नखाला लागला, तो परीक्षकांनाही माहीत नव्हता. मग दोघी मेट्रनच्या केबिनमध्ये बसल्या. हे सगळं ताईने संध्याकाळी आम्हाला सांगितलं, शब्दाला शब्द.

"तुम्ही नोंद का केली नाहीत?"

"पोरींना मेमो मिळाले असते."

"चूक तुमच्या डोळ्यांनी सापडली. तुमच्या सुटीच्या दिवशी डोळे कुणाचे असतात?"

"जे असतील त्यांचे."

"त्यांना कसं कळणार की या मुलीचे चिमटे बघायला हवेत?"

"नाही कळणार," ताई म्हणाली होती. "नाहीच कळलं."

माझ्या यजमानांनी विचारलं, "मग बाई काय म्हणाल्या?"

"लिहीत होत्या."

निकालाचं पत्र तीन आठवड्यांनी ईमेलवर आलं. ताई समोर बसली, मी मोठ्याने वाचलं. पहिल्या अभ्यासक्रमाचं पूर्वशिक्षण मान्य, दोन क्रेडिट. दुसऱ्याचं मान्य, दोन क्रेडिट. दोन्हींची छोटी प्रमाणपत्रं सोबतच्या दुव्यावर. दाबलं की ताईचं नाव, तास, पातळी, काय येतं आणि कुणी तपासलं, सगळं उघडत होतं. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: उमेदवार दोष ओळखण्यात असाधारण कुशल आहेत. दोषाची नोंद करून तो पुन्हा घडू नये अशी व्यवस्था करणे, हे या अभ्यासक्रमाचे मुख्य कौशल्य असून त्याचा पुरावा आढळला नाही. मान्यता देता येत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करावा. पुढची तुकडी दोन महिन्यांनी.

"हा कुठला न्याय?" माझे यजमान उसळले. "खोटी तीन उदाहरणं लिहिली असती तर मिळालं असतं. खरं लिहिलं म्हणून कापलं!"

"पुरावा नाही म्हणतात," ताई म्हणाली. "आहे का? नाही. मग तू कुणावर ओरडतोस?"

"तेवीस वर्षं, ताई!"

"चार क्रेडिट मिळालीत की त्यांची." तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि ते प्रमाणपत्र पुन्हा एकदा दाबून पाहिलं. 'कुणी तपासलं' या ओळीवर परीक्षक बाईंचं नाव होतं, ते तिने वाचलं. मग तिसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज कुठे भरायचा ते मला शोधायला लावलं. वर्ग मंगळवार आणि शुक्रवार, पाळी सुटल्यावर.

एक तारखेला सही बारकीकडे गेली. ताई बांधणीच्या टेबलावर, बाकीच्या मुलींच्या ओळीत उभी राहिली. सकाळचा पहिला भरणा यंत्रातून बाहेर आला. बारकीने छापील पट्टी पाहिली, रंग पाहिले, मग पुडकी चाचपायला लागली. चौथ्या पुडक्यावर तिचा हात थांबला. खालचा कोपरा ओला होता. ओलं पुडकं वर जात नाही, ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. ते तर सोडवायचंच, पण आत ओल का राहिली हे कळेपर्यंत सगळा भरणा थांबवायचा, असा नियम.

बारकीने चिठ्ठीवरचा नंबर वाचला आणि ताईकडे पाहिलं. नंबर ताईचा होता. जड ताट होतं, तिने आत पाणी टिपणारं कापड एक कमी घातलं होतं. रात्री झोप झाली नव्हती, असं तिने नंतर मला सांगितलं. तिथे कुणाला सांगितलं नाही.

"मावशी..."

"माझ्याकडे काय बघतेस? सही तुझी आहे."

बाकीच्या मुलींचे हात थांबले. बारकीने भरणा अडवला, वर थिएटरला फोन करून अर्धा तास मागितला. मग फडताळातून चुकांची वही काढली, सकाळच्या पाळीचं कोरं पान उघडलं आणि पेन हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"लिही ना," ताई म्हणाली.

"नाव लिहायला लागतं."

"मग लिही. नाव काय नवीन आहे का माझं?"

बारकीने लिहिलं. पुडकं ओलं, टिपणारं कापड कमी, बांधणारीचं नाव, भरणा अडवला. अक्षर वाकडं आलं. ताईने टेबलाच्या पलीकडून मान लांबवून वाचलं.

"वेळ राहिली. सात पन्नास."

बारकीने वेळ घातली. ताईने ओलं पुडकं घेतलं, सोडलं, अवजारं पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली. शेजारच्या दोन नवीन मुलींना जवळ बोलावून तिने जड ताटाखाली कापडं किती घालायची ते मोजून दाखवलं. दोन. मघाशी एक घातलं होतं, म्हणून ओलं राहिलं.

"बारके," मांडता मांडता ती म्हणाली, "त्या पानाची झेरॉक्स काढून ठेव मला."

"कशाला, मावशी? राग आला का?"

"राग कसला? क्लासात तीन उदाहरणं मागणार आहेत. एक तरी झालं."